ब्लाउज न्यायला नवऱ्याला पाठव

बाईला दिवस गेलेत हे कधी कधी तिच्या सासूच्या आधी मला कळतं. यात माझी काही हुशारी नाही. तुळिंजच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे, आणि पोटुशी बाईचं पोट दिसायच्या आधी ब्लाउज घट्ट होतो. ती येते, पिशवीतून दोन-चार ब्लाउज काढते, इकडेतिकडे बघते आणि हळूच म्हणते, "काकू, जरा ढिले करून द्या ना." मी आत दुमडून सोडलेली जादा कापडाची माया उसवते, नवी टीप मारते, इस्त्री करून घडी घालते. आणि ती न्यायला आली की देत नाही.

"नवऱ्याला पाठव," म्हणते.

"अहो काकू, ते कशाला येतील ब्लाउज न्यायला?"

"न येऊन सांगतील कोणाला? नाहीतर घट्ट ब्लाउज घालून बस."

येतात बिचारे. आधी समोरच्या भाजीवाल्यापाशी उभे राहून फोनवर बोलल्याचं नाटक करतात. मग दाराशी येऊन जमिनीकडे बघत म्हणतात, "ते... ब्लाउज." मी त्यांना आत घेते, स्टुलावर बसवते आणि त्यांच्या हातात एक कापडाचं बाळ ठेवते. मीच शिवलंय. अंगात चिंध्या भरल्यात, डोक्यात वाळू, आणि मान मुद्दाम पोकळ ठेवलीय. धरायला गेलं की डोकं धपकन मागे पडतं. बहुतेकजण दचकतात. त्यांनी दचकावं म्हणूनच मी ते तसं शिवलंय.

"बघितलंत? खऱ्याची मान अशीच असते," मी सांगते. "आता ऐका. बाळ रडणार. दूध पाजलं, लंगोट बदलला, ढेकर काढली, खांद्यावर घेऊन सगळी बिल्डिंग फिरवली, तरी रडणार. दुसऱ्या महिन्यात तर इतकं रडेल की शेजारी बेल वाजवतील. ताप असेल, दूध ओढत नसेल, तर सरळ डॉक्टरकडे न्या. पण काही नसतानाही रडणार. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं आणि त्याचंही नसतं. आपलं डोकं फिरायला लागलंय असं वाटलं की त्याला उताणं गादीवर ठेवायचं, आजूबाजूला उशी-पांघरूण नको, आणि आपण बाहेर यायचं. पाणी प्यायचं. कुणाला तरी फोन करायचा. जरा वेळाने आत जाऊन बघायचं. पण हलवायचं नाही. आदळायचं नाही. रडून बाळाला काही होत नाही हो, हलवून होतं."

कुणी माना डोलावतात, कुणाला हसू येतं. एकाला राग आला होता. शिकलेला, गळ्यात ऑफिसचं कार्ड. म्हणाला, "काकू, आम्ही काय जनावरं आहोत का?"

"नाही हो," मी म्हटलं. "माझा मुलगाही नव्हता."

मग त्याने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ब्लाउज घेतले आणि गेला. आज ते सांगायला बसलेय.

मला दोन मुलगे. थोरला लहानपणापासून गरीब. चाळीत मांजरीची पिल्लं झाली की हा शाळेचा डबा त्यांना घालायचा आणि स्वतः उपाशी यायचा. ह्यांच्या माघारी मी मशीनवर बसायची तेव्हा माझ्या शेजारी बसून हुक लावायचा, आणि मित्रांनी चिडवलं तरी त्याला काही वाटायचं नाही. पुढे वसईच्या एका कंपनीत पाळीची नोकरी लागली, विरारला भाड्याचा फ्लॅट घेतला, लग्न झालं. सून चांदीप गावची. शेतीवाडीचं घर, भरपूर माणसं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तसं ते झालं. मुलगी झाली.

विहीणबाईंसारखी मायाळू बाई मी पाहिली नाही. लेकीला शेक, धुरी, हळिवाचे लाडू, नातीला रोज तेल लावून चोळणं, न्हाऊ घालणं. पण जावई म्हणजे त्या घरी पाहुणा. हा दर सुट्टीला बाइकवरून जायचा, डायपरची पाकिटं आणि सफरचंदं घेऊन. अंगणात खुर्ची टाकायचे. "जावयबापू, पानी घ्या," करत विहीणबाई स्वतः तांब्या घेऊन यायच्या. आणि मग आतून बाळ यायचं. न्हालेलं, पावडर लावलेलं, गालावर काजळाची तीट, पोट भरून झोपलेलं. ते ह्याच्या मांडीवर ठेवायचे. हा फोटो काढायचा, मला पाठवायचा. जरा कुठे तिने तोंड वाकडं केलं, ओठ काढला, की चारी बाजूंनी हात यायचे. "द्या द्या इकडं. तुमचं काम नाय ते." हा सुटल्यासारखा द्यायचा, आणि सगळे हसायचे. जावयाच्या मांडीवर पोर रडली तर त्यांच्या घराला ते कसंसंच वाटायचं. मी एकदा होते तिथे. मीही हसले. मला तर कौतुक वाटलं होतं, माझ्या मुलाला किती जपतात म्हणून.

त्या सगळ्या महिन्यांत माझ्या मुलाने आपल्या मुलीला कधी नीट रडताना ऐकलंच नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनी घरी सोडताना सगळं सांगितलं होतं, मान कशी धरायची, हलवायचं का नाही, रडलं तर काय करायचं. सुनेला सांगितलं, विहीणबाईंना सांगितलं, त्यांच्या चुलत जावेलासुद्धा सांगितलं. हा तेव्हा खाली बिल भरत होता. त्याला सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बापाला काय सांगायचं असतं?

चौथा महिना लागला तशी ओटी भरून सून आणि नात विरारला आल्या. दोनच खोल्या, दार लावलं की शेजारी कोण राहतं तेही कळत नाही. सून एका शाळेत शिकवायची. रजा संपत आली होती, म्हणून एका दुपारी मुख्याध्यापिकेला भेटायला गेली. तासाभरात येते म्हणाली. हा रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. "जा तू, मी आहे ना," म्हणाला. सून आजही हेच सांगते, की तो हसत म्हणाला होता.

मी दुकानात होते. त्याचा फोन आला. "आई, ही उठत नाहीये."

मला वाटलं, सुनेला चक्कर आली. "कोण उठत नाहीये? नीट बोल ना!" मी ओरडले. तो नुसता "आई, आई" करत राहिला. मग मला कळलं. मशीन तसंच चालू ठेवून मी रिक्षात बसले.

विरारच्या हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा नातीला आत नेलं होतं. सूनही तिथेच धावत आलेली, भिंतीला टेकून उभी. थोरला सगळ्यांना एकच सांगत होता. झोळीतून पडली. साडीची झोळी बांधली होती, त्यातून घसरली. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, पुन्हा तेच विचारलं. ह्याने पुन्हा तेच सांगितलं. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "डोक्याला बाहेरून टेंगूळ नाही, खरचटलेलं नाही. पण आत रक्तस्राव आहे, डोळ्यांच्या मागेही आहे. झोळीतून पडून सहसा असं होत नाही. खरं काय झालं ते कळलं तर पुढचं ठरवता येईल."

मी माझ्या मुलाकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता. त्याला जन्म दिलाय मी, मला काय कळायला वेळ लागणार? बाही धरून त्याला जिन्यात ओढला.

"काय केलंस?"

"रडत होती."

"मी विचारलं, काय केलंस?"

"हलवली, आई."

मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढ्या मोठ्या, मिशा आलेल्या मुलाला, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. आणि मारल्या हातानेच त्याचं डोकं छातीशी धरलं. तो लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मी म्हटलं, "जा. आत्ता जाऊन सांग. खोटं बोलत बसलास तर पोर हातची जाईल."

गेला. सांगितलं. सून तिथेच उभी होती, तिच्या कानांवर पडलं. ती ओरडली नाही. नुसती त्याच्यापासून बाजूला सरकली. डॉक्टरीणबाईंनी त्याला एक प्रश्न विचारला. "रडणाऱ्या बाळाचं काय करायचं हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं होतं का?"

तो म्हणाला, "रडली की कुणीतरी घ्यायचं. त्या वेळी कुणी नव्हतं."

तिथून नातीला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. पोलीस आले, जबाब झाले, केस उभी राहिली, ती चालू आहे, थोरला जामिनावर बाहेर आहे. डोक्यावर शस्त्रक्रिया झाली. नात वाचली. वाचली असंच म्हणायचं. अजून मान धरत नाही. दिसतं किती, ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. फिट येतात. सून तिला घेऊन चांदीपला गेली ती गेलीच. माझ्याशी फोनवर बोलते, व्यायाम काय दिले, आज किती खाल्लं, सगळं सांगते. त्याचं नाव काढत नाही, आणि मी काढावं अशी तिची इच्छा नाही हे मला कळतं. तो तिकडे जात नाही. त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलंय, आणि विचारायची त्याची हिंमत नाही. विरारच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. मी डबा घेऊन जाते. अर्धा तसाच परत येतो.

माझं काळीज तुटतं, पण कुणासाठी तुटतंय तेही मला धड सांगता येत नाही. नातीसाठी डोळे भरले की मुलाचा चेहरा समोर येतो. मुलाची कणव आली की मला माझीच लाज वाटते, की अगं बाई, त्या लेकरापेक्षा तुला ह्याचं दुःख जास्त? बाकीचं जग माझ्यावर थुंकलं असतं तरी चाललं असतं. पण ज्या पोराने मांजरीची पिल्लं सांभाळली, त्याने आपलं पोर असं केलं हे मी कुठल्या तोंडाने कुणाला सांगू? म्हणून मी ते कापडाचं बाळ शिवलं आणि बायकांच्या नवऱ्यांना बोलवायला लागले.

सगळ्या तुळिंजला सांगत सुटलेय मी. आणि माझ्या घरातच माझं कुणी ऐकत नव्हतं.

धाकटा माझ्याबरोबर राहतो. एसी दुरुस्तीचं काम करतो. स्वभावाने माझ्यावर गेलाय. स्कूटर चालू झाली नाही तर तिला लाथ घालील, टीव्हीचा रिमोट चालला नाही तर भिंतीवर आपटील. आणि क्षणात निवळून चहा मागेल. नातीचं झालं तेव्हापासून त्याने भावाशी बोलणं टाकलं. त्याचं नाव घरात काढायचं नाही असा नियमच केला. त्याची बायको, माझी धाकटी सून, पोटुशी राहिली तशी माझी झोप उडाली. मी विषय काढला की हा उठून बाहेर. एकदा मी दारात आडवी उभी राहिले. तो म्हणाला, "आई, मी दादासारखा नाही."

"अरे गाढवा," मी म्हटलं, "दादा तरी कुठे होता दादासारखा?"

तो चप्पल घालून निघून गेला.

सातव्या महिन्यात धाकटीचं डोहाळजेवण केलं, सोसायटीच्या हॉलमध्ये. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. वाट्यांखाली पेढा की बर्फी झाकून ठेवलेली. बायकांनी हॉल भरला होता, आणि पुरुष सगळे बाहेर, खुर्च्यांवर, मोबाइल बघत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बापांनाही आत बोलवा. पाच मिनिटं मला बोलायचंय."

नणंदेने माझा दंड धरला. "वहिनी, आज नको गं. शुभकार्य आहे. आज त्या पोरीचं नाव नको काढूस."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या नातीचं नाव अशुभ झालं का आता?" मी इतक्या मोठ्याने बोलले की गाणी थांबली. धाकटीच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिचीही चूक नव्हती, लेकीच्या पोटात बाळ आहे, तिला भीती वाटणारच. बाहेरून धाकटा आला, मला दाराबाहेर घेऊन गेला. "आई, तमाशा नको. हात जोडतो." खरंच जोडले त्याने हात.

मी जिन्यात जाऊन बसले, सिल्कची साडी नेसून. आत पुन्हा गाणी सुरू झाली. मला रडूही येत नव्हतं, इतका संताप होता. थोड्या वेळाने कुणीतरी शेजारी आलं. धाकटी. फुलांचा मुकुट सावरत, कमरेवर हात देत, पायरीवर टेकली.

"अगं, तू कशाला आलीस? जा आत, पेढा-बर्फी व्हायचीय."

"आई, दादांना घरी बोलवा," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"हे तुमचं ऐकत नाहीत. माझंही ऐकत नाहीत. तपासणीच्या वेळी सिस्टर सांगायला लागल्या तर फोन घेऊन बाहेर गेले. दादांचंच ऐकतील. मला आता माहेरी जायचंय, तिकडेही सगळं बायकाच करणार. परत येईन तेव्हा बाळ यांच्या हातात देताना मला भीती वाटायला नको, आई. एवढंच हवंय मला."

मी तिला काय सांगणार? थोरल्याने ते सगळं डॉक्टरांपुढे सांगितलं, पोलिसांपुढे सांगितलं, कोर्टात सांगावं लागतंय. आता सख्ख्या भावापुढे? आणि धाकट्याने तोंडावर दार लावलं तर? त्या एका भीतीने मी दोन दिवस थोरल्याला फोन केला नाही. मग केला. धाकटी काय म्हणाली ते सांगितलं. तो म्हणाला, "येतो."

रविवारी सकाळी आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखा. धाकटा सोफ्यावर होता, त्याला बघून उठला. मला वाटलं, आता हा बाहेर जाणार. पण धाकटी दाराशी खुर्ची टाकून बसली होती, पोटावर हात ठेवून, आणि तिथून उठायचा तिचा विचार दिसत नव्हता. तो परत बसला.

थोरला समोर बसला. कुणी त्याला पाणी विचारलं नाही, माझ्याही लक्षात आलं नाही. त्याने सुरुवात केली ती एकदम मधूनच. "बाटली दिली. घेत नव्हती. खांद्यावर घेतली. गाणं लावलं. डायपर बघितला. मग मला वाटलं, मला बघूनच रडतेय. मी तिला नकोय. असं वाटलं मला. चार महिन्यांच्या पोरीचा राग आला. सांगतोय ना, राग आला." तो थांबला. "मी तिला अशी धरली."

त्याने दोन्ही हात समोर धरले, काखेखाली धरतात तसे, मोकळेच. आणि हलवले.

माझ्या तोंडून "नको रे" निघेपर्यंत त्याचे हात पुन्हा मांडीवर आले होते.

धाकटा बघत राहिला. "एवढंच?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"एवढंच."

"मग?"

"मग ती गप्प झाली." थोरल्याने ओठ चावला. पुढचं त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं. "मला वाटलं, झोपली. मी तिला पांघरूण घातलं. बरं वाटलं मला. मग ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसलो."

धाकटीने तोंडाला पदर लावला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज घरात येत होता. धाकट्याने मान खाली घातली, वर केली, पुन्हा घातली. भावाशी इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बोलत होता, आणि आवाज त्याचा नव्हता.

"दादा, मग मी काय करू? माझं रडायला लागलं तर?"

"खाली ठेव," थोरला म्हणाला. "गादीवर ठेव, रडू दे, आणि बाहेर ये. मला फोन लाव. कितीही वाजले असू देत. मला झोप लागत नाही रे आता, मी जागाच असतो."